साळीचा बेत

एका शब्दामुळं माझं लग्न मोडलं असं म्हटलं की लोकांना वाटतं, मी कुणाला तरी शिवी हासडली असणार. छे हो! शिवी असती तर माफी मागून निस्तरता आली असती. मी म्हणालो होतो 'साळ'. चहा निवतोय, घ्या. सांगतो.

निजामी अंमल जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी उमरग्याच्या तहसील कचेरीत नवा कारकून. कचेरीतून उर्दू निघाली होती, मराठी येत होती, आणि मला शुद्ध मराठीचा ताप चढला होता. चार पुस्तकं जास्त वाचली होती ना! लोक खिडकी उघडायचे, मी 'गवाक्ष' उघडायचो. वारा तेवढाच यायचा.

राहायला आप्पांची खोली. आप्पा माझे घरमालक, शेती लोहाऱ्याच्या वाटेवर, मनानं राजा माणूस. दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याच घरून यायचं. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. तक्रार नव्हती, पण माणसाला भात आठवतो की नाही? आईच्या हातचा मऊ भात, वर तूप, कडेला मेतकूट! त्या मुलखात भात म्हणजे सणाची गोष्ट. एक दिवस न राहवून म्हणालो, "आप्पा, कुठं साळ मिळाली तर बघा हो. फार दिवसांत तोंडाला लागली नाही."

'तांदूळ' म्हणालो असतो तर काय जीभ झिजली असती? पण तांदूळ तर वाणीसुद्धा म्हणतो!

आप्पा बघतच राहिले. "सायब, तुमी साळ खाता?"

"खाता म्हणजे? जीव आहे माझा!"

"तुमच्यात चालती व्हय?"

"आप्पा, तिच्यावाचून आमच्यात पान हलत नाही."

"मग आणतो," आप्पा म्हणाले. "येळ लागंल जरा. लई चलाख असती."

शेवटचं वाक्य मला नीट कळलं नाही. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, आप्पांच्या बोलीत साळ म्हणजे साळींदर. अंगभर काटे घेऊन हिंडणारं, भुईमुगाची शेतं उकरणारं ते जनावर.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी तुळजापूरची, नाव कमल. बघायला गेलो तेव्हासुद्धा माझ्या हातात पुस्तक होतं. पोहे देताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, त्या पुस्तकाकडं बघितलं आणि ओठ चावून हसली. बस! तेवढ्या हसण्यावर मी पुढं कित्येक दिवस फायलींवर भलत्याच जागी सह्या घेतल्या. आता फक्त तिच्या वडिलांचा शेवटचा शब्द यायचा होता. ते भाऊसाहेब, निजामाच्या काळात जंगलखात्यात होते. मुलगा राहतो कसा, बसतो-उठतो कुणात, हे बघायला ते स्वतः उमरग्याला आले.

आणि नेमके त्याच सकाळी आप्पा दारात! "सायब, साळ घावली! दुपारी पाव्हण्यांना घिऊन या."

"बारीक आहे का जाड?"

"चांगली जाडजूड!"

"जुनी?"

"छ्या! कवळी हाय. जुनी आसती तर दिवसभर शिजली नसती."

तांदूळ जुना बरा असतो, पण म्हटलं, गरजवंतानं अक्कल शिकवू नये.

दुपारी भाऊसाहेबांना घेऊन निघालो. वाटेत मोठ्या ऐटीत म्हणालो, "आज साळीचा बेत आहे बरं का!"

भाऊसाहेब जागीच थांबले. इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "तुम्ही खाता?"

"लहानपणापासून."

"आणि घरी कळलं तर?"

"कळायचं काय त्यात? आईच शिजवते. वर साजूक तूप."

"आई!"

"आमच्याकडं नैवेद्याला लागते. श्राद्धालासुद्धा."

भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. "वा! श्राद्धाला साळ चालते असं जुन्या शास्त्रात आहे म्हणतात. पण पाळणारं खानदान आज बघतोय! अहो, जंगलात होतो तोवर मी मनसोक्त खाल्ली. पेन्शनीत आलो आणि घरच्यांनी तोंडाला कुलूप लावलं."

मला वाटलं, साखरेचं दुखणं असणार.

"जावई नाही, जोडीदार मिळाला," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मुलगी दिली समजा!"

पुढचा रस्ता मी चाललो नाही, तरंगलो.

पाटावर बसलो. भाकरी आली, मग वाटीभर तांबडा रस्सा, त्यात तुकडे. खोबरं-मसाल्याचा काय तो वास! मला वाटलं, सुरणाची भाजी. मी भाताची वाट बघत बसलो. शेवटी विचारलं, "आप्पा, साळ?"

"तुमच्या म्होरंच हाय की!"

तेवढ्यात आप्पांच्या बायकोनं, वहिनींनी, पाहुण्यांना भेट म्हणून मूठभर काळे-पांढरे काटे आणून ठेवले. भाऊसाहेबांनी त्यातला एक निवडला. "पहिलटकरणीचा भांग साळीच्या काट्यानं पाडतात ना? कमलसाठी असू दे," म्हणाले आणि लाजले.

मी काट्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि पाटावरून उठलो तो थेट गोठ्यात. पुढचं सगळं म्हशीनं पाहिलं.

परत येऊन कसंबसं म्हणालो, "मी... मी तांदळाबद्दल बोलत होतो."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "आन म्या समदं रान पालथं घातलं!"

भाऊसाहेबांनी वाटी शांतपणे संपवली. काटा होता तिथं परत ठेवला. "अहो, मग तांदूळ म्हणायचं!" एवढंच म्हणाले.

नकार आप्पांच्या तोंडी आला. "पाव्हणं म्हनलं, पोरगं गुणाचं हाय. पर भात खाणारी मानसं आमच्या घरात आदीच लई हायती."

पुढं माझंही लग्न झालं, संसार झाला, पेन्शन सुरू झाली. आता साळ मारायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या घरात खोबरं भाजत असलं की मी रस्त्यात उगाच थांबतो. न खाल्लेल्या पदार्थाची आठवण यावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

अलीकडं एकदा तुळजापूरच्या एसटी स्टँडवर कमल भेटली. केस पांढरे, बरोबर नवरा. तो तिकिटं काढायला गेला तशी म्हणाली, "साळ खायला बाबांच्या जोडीला घरात मीच होते. आईच्या चोरून, मळ्यातल्या चुलीवर. मीच त्यांना म्हटलं होतं, बघून या, माणूस खात नसला तरी चालेल, पळून जाणारा नसावा."

"आणि हे?" मी नवऱ्याकडं मान केली.

"माळकरी. कांदासुद्धा नाही." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक घास खाल्ला असता तर काय झालं असतं हो?"

जन्मभर वाचलेली सगळी पुस्तकं आठवून पाहिली.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "पोट जरा बरं नव्हतं."