गडावरच्या आईकडे मागितलेली शांतता

माझी श्रद्धा होती, पण ती चौकशी करत करत चालणारी. बायको चिडवायची, "तुम्ही देवळात गेले तरी घंटा कशाची बनवली ते आधी विचारतात." खोटं नव्हतं ते. नवसाला पावते म्हणजे नेमकं काय होतं, कोणाला ऐकू जातं, मध्ये कोण असतं, असले प्रश्न मला लहानपणापासून. सप्तशृंगीच्या गडाच्या पायऱ्या चढतानाही ते सुटले नाहीत. आमचा धाकटा मरता मरता वाचला, त्या दिवशीही ते माझ्यासोबतच होते.

नव्वदनंतरची गोष्ट. खान्देशातून येऊन मी सुरतजवळ कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मशीन चालवत होतो. धाकटा दीड वर्षाचा. दोन दिवस उलट्या-जुलाब थांबेनात, म्हणून सकाळीच त्याला सुरतला मोठ्या दवाखान्यात नेलं. एका डॉक्टरांनी पाहिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, नंबर आला की बोलावतो म्हणाले. तेवढ्यात हायवेवरच्या अपघातातली माणसं आली आणि सगळे तिकडे धावले. आम्ही बाकावर बसून राहिलो. पाणी पाजलं की पोरगा ओकायचा आणि मोठ्यानं रडायचा. सकाळ संपत आली तरी रडणं थांबेना. बाकावरची माणसं आधी कळवळली, मग वैतागली. मलाही ते ऐकवेना. मी डोळे मिटून म्हणालो, "आई, याला शांत कर. बाकी काही मागत नाही."

आणि थोड्याच वेळात तो शांत झाला. माझा जीव भांड्यात पडला. बायको पुटपुटली, "निजना बिचारा." मला तर नवलच वाटत होतं. आईनं इतक्या लवकर ऐकलं? मी भिंतीवरच्या घड्याळाकडेसुद्धा पाहिलं.

समोरच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस हाताला फडकं गुंडाळून बसला होता. डोक्यात कापसाची तुसं, म्हणजे आमच्यातलाच. तो एकदम उठून आला, पोराच्या पापण्या वर केल्या आणि बाकांवरचे सगळे दचकतील असा ओरडला, "ऊठ भो! खातामा मशीन बंद पडनं तं तू बशी राहास का? हाऊ निजना नही, थकी गया!"

म्हणजे पोर झोपलं नव्हतं, रडण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. खात्यात आम्ही आवाजाला कधीच घाबरत नाही. चार मशीनच्या खडखडाटात आमचा डोळा लागतो. पण एक जरी थांबलं तरी झोपेतून उठून पळतो, कारण धागा तुटलेला असतो. एवढं रोजचं शहाणपण, आणि ते मला माझ्याच पोराच्या वेळी सुचलं नाही! त्या माणसानं पोराला माझ्या मांडीवरून उचललं आणि तपासणीच्या खोलीच्या दाराशी नेलं. "बेसो, वारो आवशे," बसा, नंबर येईल, असं गुजरातीत म्हणत नर्सबाई वळल्या, पोराचं तोंड पाहिलं आणि त्याला हिसकावूनच आत घेऊन गेल्या. त्याची शीर सापडेना. सुई चार वेळा टोचली, तरी तो रडला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. "अजून थोडा वेळ गेला असता तर..." डॉक्टर एवढंच बोलले.

दुपारनंतर, सलाईनची दुसरी बाटली चालू असताना, पोरगा रडला. बारीक, चिरका, रागीट आवाज. तो ऐकून मी भिंतीला डोकं टेकवून रडलो.

मग त्या माणसाला शोधायला बाहेर आलो. हाताला टाके घालून तो निघालाच होता. मी पाया पडलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलंच, "तुम्हाला कसं कळलं?" तो नुसता हसला. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं. त्यानं कानाला बोट लावून हात हलवला. तीस वर्षं लूमवर काढून त्याचे दोन्ही कान गेले होते. खात्यात बोलतो तसं मी ओठ हलवून, हातांनी खुणावून तेच विचारलं.

"ऐकाले येत नही ना भो," तो म्हणाला, "मंग देखत राहस."

आम्ही सगळे कानांनी धडधाकट; आवाज थांबला म्हणून सुखावलो. ज्याच्यापर्यंत ते रडणं पोहोचलंच नव्हतं, त्यानं पोर पाहिलं. याचा अर्थ मी अजून शोधतो आहे. पण आता गडावर गेलो की काही मागत नाही. एवढंच म्हणतो, आई, माझं ऐकू नकोस; आमच्याकडे बघत राहा.