पाणी पाहिले

मुलांनो, तुमच्या बाबांच्या परदेशातल्या शिक्षणाचा खर्च कसा जमला, असे धाकटीने पत्रात विचारले आहे. सातपूरच्या चार खोल्यांच्या भाड्यातून जमला. त्या खोल्या हातातून जाता जाता राहिल्या.

तेव्हा सातपूरला कारखाने वाढत होते आणि कामगारांना राहायला जागा मिळत नव्हती. दिवाळीत मी चार खोल्या आणि विहीर असलेली एक जागा पाहिली. घ्यायची आणि खोल्या भाड्याने द्यायच्या, असे ठरवले. शाळेच्या पगारातून साठवलेले होते नव्हते ते इसार म्हणून दिले. उरलेली रक्कम अक्षय्य तृतीयेपर्यंत दिली नाही, तर इसार बुडणार होता.

एका मोठ्या बँकेत सांगितले, "स्वतः राहणार असाल तर बघू. भाड्याने द्यायला कर्ज नाही." म्हणून सहकारी बँकेत गेले. इंग्रजीत टाइप केलेला अर्ज, नकाशा, उतारे, भाड्याचा अंदाज आणि सगळ्यांत वर अनुक्रमणिका. तुमचे आजोबा म्हणाले, "कर्ज मागतेस की पीएच.डी.?"

कर्ज समितीत निफाडचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांनी फाइल चाळली आणि मिटली.

"बाई, कागद लय झ्याक हायेत. हिरीला पाणी हाय का?"

"आहे ना. मी पाहिलंय."

"कवा?"

"दिवाळीत."

"दिवाळीत माझ्या अंगणात बी पाणी असतं!"

सगळे हसले. मी घरी येऊन रडले. चैत्र सुरू होता.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच जीप घेऊन जागेवर आले. विहिरीत खडा टाकला. आवाज आला तो चिखलात पडल्याचा.

"म्हणजे कर्ज नाही?" मी विचारले.

"आज तरी न्हाई."

चपला काढून, धोतर खोचून ते पायऱ्यांनी तळाशी उतरले. साठीचा माणूस, माझा कोण लागत होता? एका कोपऱ्यात हाताने गाळ उकरून ते खालूनच ओरडले, "झरा जिता हाय, बाई! गाळानं दाबलाय."

वर येऊन त्यांनी जागेच्या मालकाला बजावले, "आधी गाळ काढ. मग खरेदी."

मालक कुरकुरला, पण त्याने गाळ काढला. चार दिवसांनी विहिरीत कमरेएवढे पाणी होते. तृतीयेच्या दोन दिवस आधी कर्ज मंजूर झाले.

पुढे कर्ज फिटले तेव्हा बँकेने कागद परत दिले. फाइल अजून माझ्या कपाटात आहे. अनुक्रमणिकेत मी अठरा बाबी टाइप केल्या होत्या. त्यांच्याखाली पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत एकोणिसावी आहे: "पाणी पाहिले." खाली त्यांची सही.