मिसेसचे कझिन

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी कॅरम रंगायचा, पण स्ट्रायकरपेक्षा तोंडंच जास्त चालायची. ऐंशी सालानंतरच्या सात-आठ वर्षांत त्या बोर्डाभोवती इतके किस्से साठले, की एक सांगायला घ्यावा तर मागून चार धावत येतात. त्यातले निम्मे एकट्या दळवीचे! आणि दळवीचे सगळे एकाच शब्दाचे. कझिन!

दळवी आणि मी परळच्या चाळीपासूनचे शेजारी. त्याच्या लग्नात बायकोचा सख्खा भाऊ बाबल याने रिवाजाप्रमाणे त्याचा कान पिळला, तो असा की नवरदेव "आई गं" म्हणून ओरडला. पुढे बाबलची मिल बंद पडली आणि तो कुर्ल्याला स्टोव्ह दुरुस्त करायला बसला. इकडे दळवी ऑफिसर झाला.

*

ऑफिसर झाल्यावरचा पहिला गणपती. बाबलने दोन दिवस खपून मखर बांधलं. दळवीचे साहेब दर्शनाला आले. "वा! कुणी केलं हे?"

दळवीने बाबलच्या शर्टावरचे रॉकेलचे डाग बघितले. "हे ना? मिसेसचे कझिन."

मिसेस आरतीचं ताट घेऊन शेजारीच उभी होती! तिने मान खाली घातली. बाबल नुसता हसला, पण त्या दिवशी न जेवताच गेला. मला दळवीचा मनापासून राग आला.

*

आमच्यातले जोशी सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी एकदा जाडजूड डिक्शनरीच आणली. "मूळ लॅटिन. अर्थ, आईच्या बहिणीचं मूल. म्हणजे आधी नुसतं मावसभावंडच! पुढे गोऱ्यांनी त्यात चुलत, मामे, आते सगळे कोंबले."

"आणि सख्खा मेव्हणा?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "तो दळवीने कोंबला!"

*

मग मस्कतहून दळवीचा एक चुलतभाऊ आला, हातात रेडिओ-टेपचा टू-इन-वन घेऊन. खरा कझिन हाच! पण दळवी त्याला मजल्यामजल्यावर मिरवत होता. "माझा ब्रदर! अगदी सख्खा समजा!"

चार दिवसांनी ब्रदर परत गेला आणि टू-इन-वनही बरोबर घेऊन गेला.

"काय रे, ब्रदर गेला?" मी विचारलं.

"छे रे, कसला ब्रदर. लांबचं नातं!"

*

एकदा गॅस संपला, जुना स्टोव्ह पेटेना, आणि साहेब जेवायला येणार होते. दळवी स्वतः कुर्ल्याला धावला. "बाबल, वाट लागली यार! मेव्हणा ना रे तू माझा?"

बाबलने येऊन स्टोव्ह पेटवून दिला. तेवढ्यात बेल वाजली. दळवीने दार उघडलं आणि म्हणाला, "या सर! हे... मिसेसचे कझिन. निघालेच होते."

गरज सरो, वैद्य मरो!

*

आणि मग दळवीच्या मुलीचं, स्वातीचं लग्न. मामाची लाडकी पोरगी! पहिल्या रांगेत सगळे साहेब. बाबल नवी टोपी घालून शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी.

भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

बाबल हलला नाही. भटजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. आतून निरोप आला, "स्वाती म्हणते, मामा आल्याशिवाय मी उठणार नाही!" मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती.

दळवी घामाघूम होऊन आमच्याकडे धावला. "बाबल, चल ना रे!"

बाबल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माका कित्याक? मामाक बोलव. मी मिसेसचो कझिन!"

पहिली रांग वळून बघायला लागली. दळवीने एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग माइकशी गेला. "हे... हे बाबल. माझ्या बायकोचे सख्खे भाऊ. माझे मेव्हणे. स्वातीचे मामा."

बाबल उठला. टोपी सरळ केली, सावकाश चालत पहिल्या रांगेपर्यंत गेला, आणि साहेबांसमोर दळवीचा कान पिळला.