लाल पडलेली तोटी

आमच्या घरी तांब्याचा बंब होता, सोनगीरहून आणलेला. त्याच्या पितळी तोटीवर आईचा फार जीव. रोज चिंच-मीठ लावून घासायची. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगावातली आमची कॉलनी नवी, नगरपालिकेचे नळ पोचले नव्हते, त्यामुळे सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. ते इतकं खारं की साबणाला फेस यायचा नाही आणि डाळ शिजता शिजायची नाही. वर्षा-दोन वर्षांत तोटी लालसर दिसायला लागली. आई खूश! शेजारणींना अंगणात नेऊन दाखवायची, "देखा, कशी तांबासारखी चमकी ऱ्हायनी!"

वहिनीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नरडाण्याकडची मुलगी, बोलायला मोकळी, कामाला चटपटीत. एका सकाळी बादली लावून तिनं तोटी फिरवली आणि तोटी मुळापासून तुटून तिच्या हातात आली. मागोमाग उकळत्या पाण्याची धार थेट पायावर. किंकाळी ऐकून मी धावले. तिच्या डाव्या पायाची कातडी सुटली होती. माझ्यामागून आई आली. तिनं वहिनीच्या पायाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

"तोडी टाकी ना तोटी?"

इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की आजही मनात येतं: अगं बाई, पोरगी भाजलीय, तुझं लक्ष कुठे आहे!

मी वहिनीला ओढून बाजूला बसवलं, पायावर गार पाणी ओतत राहिले. भाऊ आतून आला. तो एमआयडीसीत लेथवर पितळी कॉक बनवायचा. त्यानं खाली पडलेली तोटी उचलली, तुटलेल्या कडेवर नख दाबून पाहिलं, खिशात टाकली आणि रिक्षा आणायला गेला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाय भरून यायला बरेच महिने गेले. तोवर नवी सून धसमुसळी आहे, ही बातमी आईनं नात्यागोत्यात सगळीकडे पोचवली होती. मी भांडले, तर "तू गप ऱ्हाय" म्हणाली. सगळ्यात वाईट म्हणजे वहिनीलाही ते पटलं. कुठलाही नळ ती दोन बोटांनी, लांब उभी राहून फिरवायची. काचेच्या कपबश्या मला धुवायला सांगायची. "मना हातनं तुटी जाई," म्हणायची. मोकळं बोलणं तर कधीच आटलं होतं.

दिवाळीनंतर शेजारचे नाना त्यांच्या मोरीतला तुटका नळ घेऊन भावाकडे आले. भावानं तो उजेडात धरला आणि कामावर नव्या माणसाला समजवावं तसं सांगायला लागला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त तेवढं हळूहळू काढून नेतं, गरम असलं तर आणखी लवकर. मागे उरतं ते पोकळ, जाळीदार तांबं. आकार तोच, पण दम काहीच नाही. लाल पडलं की ते गेलं समजायचं, मग लहान पोरानं हात लावला तरी तुटतं.

"आमना बंबनी तोटी बी अशीच गयती," तो म्हणाला.

आई तिथेच शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमले कव्हय समजनं?" तिनं विचारलं.

"त्याच दिन. हातमा लिधी तव्हयच."

"मंग बोलनात का नही?"

भावाला प्रश्नच कळला नसावा. इतक्या सहज म्हणाला, "मायले वाईट वाटनं असतं."

मी हादरले. आई निदान अडाणीपणानं बोलत होती. याला पहिल्या क्षणापासून सगळं ठाऊक होतं आणि हा रोज वहिनीच्या हातचं जेवून उठत होता!

वहिनीनं चहा नानांसमोर ठेवला, थेंबही न सांडता. त्यानंतर तिनं भावाला कधीच काही विचारलं नाही. भाजी कोणती करू, हेसुद्धा नाही.