चौकटीबाहेर गेलेल्या ओळी

पानं लावण्याचं काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मजकूर चौकटीत मावला नाही की स्क्रीनवर तिच्या कोपऱ्यात एक बारीक लाल अधिकचं चिन्ह उमटतं. म्हणजे पुढे ओळी आहेत, पण त्या दिसणार नाहीत आणि छापल्याही जाणार नाहीत. जयपूरच्या एका छापखान्यात मी दिवसभर हे लाल अधिक घालवत असते. वर्षातून एकदा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठीही घालवते, तेही हौसेनं!

*

अंकाचे संपादक जोशीकाका, राहणार तिलक नगर. पहिल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, "काका, मजकूर बाहेर जातोय."

"मग चौकट मोठी कर."

"पान संपलं, काका."

"मग पान मोठं कर!"

*

छापखान्यात चौमूंहून एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले. खाली निमंत्रक म्हणून नातेवाइकांची नावं, एकूण बावन्न. फॉन्ट इतका लहान केला की मुंग्या चालल्यासारख्या दिसायला लागल्या, तरी लाल अधिक जाईना. भीत भीत विचारलं, "भाईसाहब, कुछ हटा दें?"

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "घर का पता हटा दीजिए मैडम. घर तो सबने देखा है!"

पत्रिका तशीच छापली. लग्नाला तोबा गर्दी झाली म्हणे.

*

जवाहर नगरात राहणारा आयटीतला अनिकेत, मूळचा पुण्याचा. त्याच्या लेखातल्या सहा ओळी जास्त होत होत्या. "तूच काप," म्हणून मी फाइल परत पाठवली. संध्याकाळी फाइल आली ती नऊ ओळी वाढून!

फोन केला तर शांतपणे म्हणाला, "ताई, कापायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मुद्दा नीट पोचतच नव्हता."

*

उलटंही होतं. सातवीतल्या गार्गीनं 'माझं गाव' या विषयावर चारच ओळी दिल्या आणि अर्धं पान रिकामं राहिलं. तिचा जन्म इथलाच, गाव बघितलेलं सुट्टीपुरतं. मी म्हटलं, "अजून थोडं लिही ना."

"दीदी, मतलब... माझी मराठी संपली."

जोशीकाकांनी त्या चार ओळी मोठ्या टायपात पानभर लावायला सांगितल्या. मला तेव्हा काका फार आवडले.

*

आणि मागच्या वर्षीचा सोनवणेकाकांचा लेख. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळकडचे. आदल्या वर्षी काकू गेल्या, त्यांच्यावर त्यांनी लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते. पाच वेळा खोडून हातानं लिहिलेला कागद त्यांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पोरी, एक शब्द इकडचा तिकडे करू नको."

प्रूफ त्यांनी बोट ठेवून वाचलं. सगळं बरोबर होतं. ते गेल्यावर जोशीकाका म्हणाले, "वहिनींचा फोटो जरा मोठा कर, छान आलाय." मी केला. फोटो वाढला, तशी मजकुराची चौकट आक्रसली. घाईत मी कोपऱ्याकडे बघितलंच नाही.

अंक वाटून झाल्यावर घरी येऊन मी तो उघडला आणि आधी सोनवणेकाकांचं पान काढलं. लेख संपत होता तो असा: 'दवाखान्यातून घरी आली. ओट्यापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, सरका, चहा मी करते.'

पुढच्या पाच ओळी छापल्याच गेल्या नव्हत्या. त्याच रात्री काकू गेल्या, हे त्या ओळींत होतं.

सकाळी उठून त्यांच्या घरी गेले. काका खुर्चीत बसले होते, अंक मांडीवर उघडा. मला बोलताना रडूच आलं. "काका, चूक माझी आहे. शेवट राहिला. मी आजच शुद्धिपत्र छापते, घरोघरी जाऊन प्रत्येक अंकात चिकटवते."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. ते पान पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

"शुद्धिपत्र नको," ते म्हणाले. "असेच अंक अजून पाच मिळतील का?"