न झोंबणारं कढण

"झोंबत नाही म्हणतेस, आणि नाक का वाहतंय?" म्बाफोरनं लेकीला विचारलं.

"सर्दी झालीय मला." उकामाकानं वाडगं पुन्हा तोंडाला लावलं.

"वाडगं हातात घेईपर्यंत नव्हती ती."

"आई, तू बाळंतपण करायला आलीस की पोलीसचौकी चालवायला?"

सकाळपासून हेच चाललं होतं. आबा नावाच्या शहरातल्या लेकीच्या दोन खोल्यांत मिरचीच्या वाफेनं पाळण्यातलं पोरही शिंकत होतं.

म्बाफोर न्सुक्काकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर घरामागच्या तुकड्यात तिनं पिवळी मिरची लावली. ती मिरची पाण्यात उकळायला लागली की कुणाकडे बाळंतीण आहे ते गल्लीला वासावरून कळतं. छाती भरली की हीच मिरची, गुडघा धरला की पामच्या तेलात हीच. आणि बाळंतिणीला कोनफळाच्या फोडी, सुकी मासळी आणि भरपूर मिरची घातलेलं कढण. त्यानं पोटातलं जुनं रक्त निघतं, दूध उतरतं. गावातल्या कितीतरी सुना तिच्या हातचं कढण पिऊन उठल्या होत्या.

तिचा नियम एकच. जुनं रक्त साचलेल्या पोटाला तिखट कळत नाही, बाळंतीण ते पाण्यासारखं पिते. ज्या दिवशी ती 'झोंबतं' म्हणेल त्या दिवशी पोट स्वच्छ झालं. मग कढण बंद, आणि आईनं आपल्या घरी जायचं. जावयानं नवं कापड, साबण, मीठ देऊन तिची बोळवण करायची. बोळवणीशिवाय परतलेल्या आईला आमच्याकडे बायका विहिरीवरच गाठतात आणि विचारतात, काय गं बिघडवून आलीस?

उकामाकाला हे लहानपणापासून पाठ होतं. पोर पालथं पडायला लागलं, ती तिच्या शिवणाच्या दुकानात जायला लागली, तरी तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नव्हता. जावई ओकेझी तसा वाईट नव्हता. म्बाफोरनं जाण्याचा विषय काढला की हसून म्हणायचा, कापड आणून ठेवलंय आई, ही झोंबतं म्हणाली की त्याच दिवशी.

काल गावाहून शेजारणीचा फोन आला होता. धाकट्या दिरानं, न्नाजीनं, म्बाफोरच्या तुकड्याच्या कडेला लावणीसाठी कसाव्याच्या कंदाच्या काड्या आणून टाकल्या होत्या. विधवेची जमीन तिचा हात फिरतो तोवरच तिची. एक हंगाम पडीक राहिली की दीर म्हणणार, वहिनी आता लेकीकडेच असते. मिरचीची रोपं आत्ता लावली तर लावली. इथे तिनं गच्चीवर डब्यात लावून पाहिली होती. झाड तरारलं, पण मिरचीला वास म्हणून नव्हता.

लेकीच्या तोंडून तो शब्द निघावा म्हणून आज तिनं मिरची दुप्पट वाटली होती.

शेताचं तिनं लेकीला सगळं सांगितलं. उकामाकानं ऐकून घेतलं आणि पोट अजून दुखतं म्हणाली. कुठे ते विचारल्यावर तिनं बोट ठेवलं. काल ते दुसरीकडेच होतं.

मग तिनं वाडगं उचललं आणि तळापर्यंत संपवलं. ओठ सुजल्यासारखे झाले, गळ्याशी घाम आला, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर उतरलं.

"नाही झोंबत," ती म्हणाली. वाडगं खाली ठेवून हळूच म्हणाली, "तू गेलीस की दुकान बंद, आई. मग मी आणि या चार भिंती."

म्बाफोरला हे कळत होतं. याच वयात तीही अशीच एका खोलीत बसून राहिली होती. पण ही पोर उद्या निखारे गिळेल आणि तो शब्द उच्चारणार नाही, हेही तिला कळलं. ती उठली, तिनं उखळ धुतलं, उरलेल्या मिरच्या नेसलेल्या कापडाच्या टोकाला बांधल्या.

ओकेझी अंघोळ करून बाहेर आला. "काय मग," त्यानं हसत विचारलं, "आज तरी झोंबलं का?"

म्बाफोरनं नातवाला उचलून त्याच्या हातात दिलं.

"उद्या पहिल्या गाडीनं मी जाते आहे," ती म्हणाली. "बोळवण नको. पोराला दिवसा कोण बघणार ते तुम्ही दोघं ठरवा."