चुकीच्या दाराशी

देवीवर माझा विश्वास होता, माणसांवर फारसा नव्हता. आणि त्या वर्षी तर देवीवरचाही डळमळायला लागला होता.

पिंपळगाव राजात मुलींना शिवण शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे निवृत्तीनंतर पेन्शन नाही हे आधीपासून ठाऊक होतं. लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तोही गेला. निवृत्ती जवळ आली आणि नेमकं तेव्हाच घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. माझी खोली त्यांना नव्या सुनेसाठी हवी होती. त्यांचं काही चुकलं नाही. पण गावात मला परवडेल अशी दुसरी जागा मिळेना. तेव्हा मला लोणार सुचलं. आमची कुलदेवी कमळजा तिथली. लहानपणी आई दर नवरात्रात मला घेऊन तळ्यात उतरायची. शिवाय तालुक्याचं गाव, सरकारी दवाखाना आहे, एसटी आहे, चार ब्लाऊज शिवले तर पोटापुरतं सुटेल असा हिशेब केला.

सुट्टी मिळाली की खामगाव, मेहकर करत लोणारला जायचं आणि खोल्या बघायच्या, असं सुरू झालं. सगळीकडे प्रश्न एकच. एकट्याच का? मागेपुढे कोण आहे? एका गृहस्थांनी तर चहा पाजून सरळ विचारलं की उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही फोन कोणाला करायचा. मी कप खाली ठेवून उठले. एका दलालाने दोन वेगळ्या खोल्या म्हणून एकच खोली पुढच्या आणि मागच्या दाराने दाखवली, असा मला आजही संशय आहे. पुढे पुढे जो कोणी गोड बोलेल त्याच्यापासून मी चार हात लांब राहू लागले.

शेवटी एका मंगळवारी घर शोधणं बाजूला ठेवून खाली देवीकडे गेले. उतरताना गुडघे बोलत होते. ओटी भरली, हात जोडले, पण मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता. मनातच म्हटलं, तुझ्या गावात मला जागा द्यायची नसेल तर तसं एकदा सांगून टाक, म्हणजे मी खेटे घालायचे थांबवीन. देवी काय बोलणार! शेंदराने माखलेला तो शांत चेहरा बघत थोडी बसले आणि निघाले.

वर चढताना दम लागला म्हणून एका झाडाखाली टेकले. तिथे काकड्या विकणारा एक माणूस बसला होता. कुठून आलात, कशाला आलात, असं त्याने विचारलं. मला सांगायचं नव्हतं, पण थकलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातं. तो लगेच म्हणाला, एक खोली आहे, गोमुखाच्या धारेवरून गावात शिरा, पिठाच्या गिरणीपाशी वळा, निळं दार दिसेल. मी सोबत येतो असंही म्हणाला. ओळख ना पाळख, हा एवढा उदार कशासाठी? मी नको म्हटलं आणि तो मागे येत नाही ना हे दोनदा वळून पाहिलं.

गिरणीपाशी गल्ल्या दोन निघाल्या. विचारायला तिथे कोणी नव्हतं. मी डावीकडे वळले. निळं दार दिसलं, कडी वाजवली. दार वीतभर उघडलं आणि सत्तरी ओलांडलेल्या एका बाईने फटीतून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खोलीचं विचारताच तिचा चेहरा कठोर झाला.

"तुमाले कोनं धाडलं?"

मी म्हटलं, देवीच्या वाटेवर एका माणसाने सांगितलं. कोणता माणूस, तर नाव माहीत नाही. खोली आहे असं आपण कोणालाच सांगितलेलं नाही, असं म्हणत ती दार लावायला लागली. तेवढ्यात तिची नजर माझ्या पिशवीतल्या नारळावर गेली. देवीहून आलात का, असं तिने विचारलं. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं तिला खाली उतरता आलं नव्हतं. मी प्रसाद पुढे केला. तो घ्यायला तिला दार पूर्ण उघडावं लागलं.

वच्छलाबाई तिचं नाव. माहेर धामणगाव बढ्याचं, आणि बोलणं अजून तिकडचंच. दोन्ही मुलं बाहेरगावी. घर विकून आईने आपल्याकडे यावं असं त्यांचं म्हणणं, आणि गावातला कोणी दलाल भाडेकरूच्या नावाखाली घर बघायला माणसं पाठवायचा. मी त्यातलीच एक, अशी तिची खात्री होती. तरी देवीहून आलेली म्हणून तिने मागची खोली दाखवली. मलाही वाटत होतं, इतकी चांगली हवेशीर खोली रिकामी का पडली असेल? काहीतरी भानगड असणार. तिने भाडं सांगितलं ते इतकं थोडं होतं की मी उठायलाच लागले.

"इतकं कमी का?" मी विचारलं.

"जास्त मांगलं तं तुमी देशान का?"

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे चौकशी केली. बाई चांगल्या आहेत पण, एवढं बोलून तो हसला. तो 'पण' मला फार दिवस छळत राहिला. तरी मी राहायला आले, कारण दुसरीकडे कुठे कोणी घेतच नव्हतं.

तिचं घर आणि माझी खोली यांच्यामध्ये एक दार होतं. कडी दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही बाजूंनी लावलेली. माझ्याकडे ब्लाऊज टाकायला कोणी आलं की ती खिडकीत यायची. मी बाहेर जाताना कुलूप ओढून पाहायचे, आणि आल्यावर सामान जागच्या जागी आहे का तेही. मावशी म्हणायचे मी तिला, पण तोंडदेखलं.

पावसाळ्यात मला ताप आला. एक दिवस अंगावर काढला, दुसऱ्या सकाळी उठताच येईना. मधल्या दारावर थाप पडली. आज नळाचा आवाज नाही, काय झालं, असं मावशी विचारत होती. खरं सांगते, तेवढ्या तापातही मनात आलं की हिला आत कशाला यायचं असेल? मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मग पलीकडे लोखंड सरकल्याचा आवाज झाला.

"माह्या बाजूची कडी मी काहाडली हाये. आता तुह्या बाजूची तू काहाड."

पहिल्यांदाच तिने मला 'तू' म्हटलं. त्या अर्ध्या भानात मला वाटलं, हे मावशी म्हणत नाहीये. कोण म्हणत होतं ते मी सांगणार नाही, मला ते सांगता येणारही नाही. भिंतीला धरून गेले आणि कडी काढली.

तिने रिक्षा बोलावली. जिला घराचा उंबरा ओलांडणं जड जायचं ती माझ्यासोबत सरकारी दवाखान्यात आली. नर्सने विचारलं, यांच्यासोबत कोण आहे. बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, मी हाये.

बरी झाल्यावर बाजारात तो काकडीवाला भेटला. माझ्यावर थोडा रुसलेलाच होता. त्या दिवशी तुम्ही आल्याच नाहीत, मेहुण्याला सांगून खोली धरून ठेवली होती, म्हणाला. मी म्हटलं, आले होते की, निळ्या दारात. तेव्हा कळलं, त्याने सांगितलेली गल्ली उजवीकडची. मी जाऊन पाहून आले, माझा स्वभावच तसा. निळं दार तिथेही होतं आणि त्यातून जिना वर गेलेला. त्याच्या सांगण्यात खोट नव्हती. मीच चुकीच्या दाराशी गेले होते, आणि तिथे कोणी मला बोलावलेलं नव्हतं.

घरी येऊन मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हात जोडेल, देवीचं नाव घेईल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मानसाले आपलं घर दाखवू नको."

आपलं, म्हणाली ती.

मी तिच्याजवळ बसून ताटातले खडे वेचू लागले, म्हणजे डोळे पुसायला खाली बघण्याचं निमित्त मिळालं. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, तिचाही नाही. पण मंगळवारी मी दोन ओट्या घेऊन तळ्यात उतरते, एक माझी, एक तिची. कमळजेपुढे उभी राहते तेव्हा मागायचं काही आठवत नाही. मी नीट पत्ता विचारून, खात्री करून निघाले असते तर कुठे पोहोचले असते, एवढं मात्र मनात येतं, आणि डोकं आपोआप तिच्या पायावर टेकतं.